चिंचेच्या पाल्याचा राखण्या

ग्राफअण्णांनी संगणकाची एकवीस पुस्तके घेतली आणि त्यांतल्या एकाचीही सीडी उघडली नाही. मागच्या पुठ्ठ्याला प्लास्टिकच्या पाकिटात चिकटवलेली सीडी ते तशीच ठेवत, पाकिटावर आडवी चिकटपट्टी लावत आणि पट्टीवर सही करत. सही अर्धी पट्टीवर, अर्धी पुठ्ठ्यावर. कोणी पट्टी काढली तर सही तुटलीच पाहिजे. "सीडी फुकट देतंय म्हणजे काय?" ते म्हणत. "फुकटचा पाहुणा घरात घेतला की तो आधी कपाट कुठं हाय ते बघतो."

पुस्तक मात्र ते पहिल्या पानापासून वाचत. वाचत म्हणणे बरोबर नाही. त्याची उलटतपासणी घेत. पुस्तकात दिलेली प्रत्येक ओळ स्वतः टाइप करायची, पडद्यावर काय दिसते ते पाहायचे आणि मग समासात शेरा मारायचा. सांगितल्याप्रमाणे दिसले तर हिरव्या पेन्सिलीने ‘चाललं’ आणि तारीख. नाही दिसले तर लाल पेन्सिलीने ‘लबाड’ आणि तारीख. तिसरा शेरा नव्हता. एका पुस्तकाच्या प्रस्तावनेत लेखकाने आपल्या बायकोच्या सहनशीलतेबद्दल तिचे आभार मानले होते. तेवढा समास कोरा होता. मी कारण विचारले. अण्णा म्हणाले, "हे टाइप करून तपासता येत न्हाय."

सोलापूरच्या पूर्व भागात, एका बोळाच्या टोकाला, त्यांचे दोन खोल्यांचे घर होते. घरात तेलुगू, बोळात मराठी, कारखान्यात दोन्ही. अण्णा माग चालवत नसत. ते चादरींची आणि टॉवेलांची नक्षी काढत. बारीक चौकोनांच्या ग्राफ कागदावर लाल पेन्सिलीने एकेक चौकोन भरायचा. भरलेला चौकोन म्हणजे धागा वर, मोकळा चौकोन म्हणजे धागा खाली. त्या ग्राफवरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोके पाडत आणि भोके पाहून माग विणत असे. फुले, मोर, कमानी, वेलबुट्टी. चाळीस वर्षे त्यांनी हेच केले. सोलापूरची चादर ज्यांच्या घरात आहे त्यांनी अण्णांची नक्षी पांघरलेली असण्याची शक्यता बरीच आहे. अण्णांचे नाव त्यांना माहीत असण्याची शक्यता नाही.

धंदाच संशय शिकवणारा होता. नक्षी दाखवल्याशिवाय विकली जात नाही, आणि दाखवली की ती पाहणाऱ्याचीही होते. कारखानदार म्हणे, "अण्णा, ग्राफ आजचा दिवस राहू द्या, भावाला दाखवतो." दुसऱ्या दिवशी ग्राफ परत येई, भावाला पसंत नाही, असा निरोप बरोबर असे. दोन महिन्यांनी तीच नक्षी भलत्याच दुकानातल्या टॉवेलावर दिसे. जाब विचारला तर उत्तर मिळे, की फूल काय कोणाच्याही बागेत उगवते.

म्हणून अण्णा प्रत्येक नक्षीत एक चौकोन मुद्दाम चुकवत. रिकामा हवा तो भरत, नाहीतर भरायचा तो रिकामा सोडत. कापडावर एक धागा जिथे खाली जायला हवा तिथे वर येई. गिऱ्हाइकाला ते दिसत नसे, विणणाऱ्यालाही नाही. पण चोराने ग्राफ जसाच्या तसा उतरवला की ती चूकही त्याच्याबरोबर जाई. या चौकोनाला अण्णा राखण्या म्हणत. शेताला असतो तसा. कोणत्या नक्षीत राखण्या कुठे बसला आहे, याची नोंद एका छोट्या डायरीत होती आणि डायरी ज्वारीच्या डब्यात होती. राखण्याने एकाही चोराला शिक्षा झाली नाही. अण्णांना फक्त खात्री होत असे. "दोंगा कोण, ते आपल्याला ठाऊक असलं की झोप लागते," ते म्हणत. दोंगा म्हणजे तेलुगूत चोर. हा शब्द त्यांच्या बोलण्यात इतक्या वेळा येई की तो मलाही मराठी वाटू लागला.

पुढे कारखान्यांत नक्षी काढायचे संगणक आले आणि अण्णांकडे येणारे कमी झाले. तेव्हा त्यांनी ठरवले, की आपल्या सगळ्या नक्ष्या एका वेबसाइटवर नावानिशी मांडायच्या. काम करून देणाऱ्या दोघांकडे ते गेले. दोघांनीही पहिले वाक्य एकच उच्चारले: "सगळे फोटो पाठवून द्या." अण्णा घरी आले. दुसऱ्या दिवशी ते जुन्या पुस्तकांच्या ठेल्यावर गेले. तिथे आमची गाठ पडली.

मी तेव्हा एका स्थानिक दैनिकात उपसंपादक होतो. बातम्या साइटवर चढवायला प्रत्येकाने शिकावे, असे कार्यालयाने सांगितले होते. जो शिकणार नाही त्याचे काय, हे सांगितले नव्हते. ते समजण्यासारखे होते. ठेल्यावर वेब डिझाइनचे एकच पुस्तक होते. त्याचे एक टोक माझ्या हातात होते, दुसरे अण्णांच्या.

"तुमाला कशाला पायजे?" त्यांनी विचारले.

"शिकायला."

"कुणी पाठवलं?"

"नोकरीनं."

ते हसले नाहीत. त्यांनी माझे ओळखपत्र मागितले, पुढून वाचले, उलटून मागून वाचले आणि फोटोशी माझा चेहरा ताडून पाहिला. मग निर्णय दिला: पुस्तक ते घेणार, मला शिकायचे असेल तर रविवारी सकाळी त्यांच्या घरी यायचे, पुस्तक घराबाहेर जाणार नाही. मी होकार दिला. मला वाटले, पुस्तकाचे पैसे वाचले.

घराचे नियम पहिल्याच रविवारी कळले. पिशवी दाराबाहेर. बसायचे ते कपाटाकडे पाठ करून, कारण कपाटात ग्राफ होते. फोन अक्कांच्या सुपात. अक्का म्हणजे अण्णांच्या पत्नी. त्या दाराशी मांडीवर सूप घेऊन विड्या वळत असत. पानांच्या आणि तंबाखूच्या बाजूला माझा फोन पालथा ठेवला जाई.

"वाईट वाटून घेऊ नका," अक्का पहिल्या दिवशी म्हणाल्या. "माझा सख्खा भाऊ आला तरी त्याचा फोन पण हितंच. तंबाखूचा वास लागतोय तेवढाच. बाकी काय होत न्हाय."

"तुझ्या भावाचा तर आधी," अण्णा आतून म्हणाले.

"बघा की. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, अजून माझी चौकशी चालूच हाय."

शिकणे असे चाले: अण्णा टाइप करत, मी वाचून दाखवत असे, पुढच्या रविवारी उलट. ते एका बोटाने टाइप करत, पण त्यांची चूक होत नसे. चौकोन मोजत चाळीस वर्षे काढलेल्या माणसाची नजर ओळीवरून घसरत नाही. मी मात्र घसरत असे. माझे पान उघडले नाही की ते माझ्याकडे न पाहता म्हणत, "पुस्तक लबाड हाय का तुमी, ते आधी ठरवू." बहुतेक वेळा मीच निघे.

एकदा पुस्तक निघाले. पानावर शेजारी शेजारी तीन रकाने करायचा धडा होता. चित्रात तीन रकाने एका ओळीत होते. आमच्या पडद्यावर तिसरा रकाना खाली पडत होता. अण्णांनी चार वेळा टाइप केले, चार वेळा तो पडला. मी म्हणालो, आपलेच काहीतरी चुकत असेल. अण्णांनी पेन्सिल उचलली आणि पुस्तकातले आकडे मांडले. प्रत्येक रकान्याला शंभरातले पस्तीस टक्के दिले होते.

"तिघांत मिळून शंभर वाटायचे, ह्यानं एकशे पाच वाटले," ते म्हणाले. मग पुन्हा एकदा बेरीज केली. "ही चूक न्हाय. हा राखण्या हाय."

पुस्तक लिहिणारे असे काही करत नाहीत, हा छपाईचा दोष आहे, असे मी सांगितले. वर्तमानपत्रात काम करणारा म्हणून मी ते अधिकाराने सांगितले. पुढच्या महिन्यात अण्णांनी दुसऱ्या लेखकाचे, दुसऱ्या रंगाचे पुस्तक आणले. तिसऱ्या प्रकरणात तीन रकान्यांचा धडा होता. पस्तीस, पस्तीस, पस्तीस.

"अगं ए!" त्यांनी अक्कांना हाक मारली. एवढे खूश मी त्यांना त्याआधी पाहिले नव्हते. "दोंगा सापडला!"

"घरात?" अक्का सुपासकट उठल्या.

वेबसाइट बांधण्याच्या विद्येबद्दल त्यांचा एकूण आक्षेप असा होता, की ती आपले शब्द फिरवते. जुने पुस्तक सांगे, पान मांडायला टेबल वापरा. नवे पुस्तक सांगे, टेबल अजिबात वापरू नका. "मधल्या काळात कोण मेलं?" अण्णा विचारत. ते टेबलच वापरत राहिले. टेबल म्हणजे आडव्या-उभ्या रेघांचे चौकोन, आणि चौकोनांवर त्यांचा विश्वास होता. प्रत्येक चौकोनाला हवा तो रंग देता येतो, हे कळल्यावर त्यांनी त्या दिवशी पुढचे काही शिकलेच नाही.

दोन गोष्टींनी मात्र ते हादरले. पहिली मीच दाखवली. कोणत्याही वेबपानावर माउसची उजवी कळ दाबली की त्या पानामागचा सगळा कोड उघडा दिसतो. अण्णांनी पुन्हा पुन्हा कळ दाबून पाहिली. "म्हणजे कापडाची उलटी बाजू कुणीबी बघू शकतंय?" उलट बाजूवरून नक्षी कशी उतरवतात, हे त्यांना चांगले माहीत होते. दुसरी गोष्ट त्यांना पुस्तकात सापडली: त्याच कोडमध्ये खुणा करून काही लिहिले तर ते पानावर दिसत नाही, फक्त उलट बाजूला राहते. करणाऱ्याने स्वतःसाठी टिपण ठेवावे म्हणून ही सोय असते. "एवढं एकच बरं शिकवलंय," ते म्हणाले आणि हिरवी पेन्सिल काढली.

शेवटच्या प्रकरणाप्रमाणे नाव नोंदवून, जागा घेऊन वेबसाइट सुरू झाली. तिच्यावर बेचाळीस चौकोन होते. प्रत्येक चौकोनाखाली नक्षीचे नाव आणि ती काढल्याचे साल. चौकोनात काहीच नव्हते. पूर्ण नक्षी दाखवली तर चोरी होणार. पाव दाखवली तर जाणकार उरलेली पाऊण काढणार. म्हणून अण्णांनी एकही दाखवली नाही. अक्कांनी पडदा पाहिला आणि म्हणाल्या, "दुकान उघडलं आणि फळ्या लावून आत बसले."

अण्णांना त्या वेबसाइटचा एकच भाग मनापासून आवडला. मागच्या दाराने कोण किती वाजता आत आले आणि काय बदलून गेले, याची तिथे आपोआप नोंद होत असे. ते तिला वॉचमनची वही म्हणत आणि रोज सकाळी वाचत. वहीत रोज त्यांचेच नाव असे. तरी वाचत.

बेचाळिसांत नसलेली एक नक्षी होती: चिंचेचा पाला. तिशीच्या आत असताना काढलेली. एका कारखानदाराने ती समोरासमोर पाहिली, "पाला कोण पांघरणार?" म्हणाला आणि तिथल्या तिथे परत दिली. म्हणून ती कधीच कोणाकडे राहिली नव्हती. "बाकीच्या विकल्या, न्हायतर गेल्या," अण्णा म्हणाले. "ही एकच माझ्याकडं हाय. मी गेल्यावर ही माझी हाय म्हणून कोण सांगणार? राखण्याला तोंड नसतंय." वेबसाइट खरे तर तिच्यासाठी होती, हे मला त्या दिवशी कळले. नक्षी दाखवायची नव्हती आणि ती आपली आहे हे मात्र जगाला सांगायचे होते. एकवीस पुस्तकांत या अडचणीवर धडा नव्हता.

तरी त्यांनी तो पाला संगणकावर काढला. चित्र म्हणून नाही, टेबल म्हणून. अठ्ठेचाळीस आडवे, अठ्ठेचाळीस उभे. दोन हजार तीनशे चार चौकोन, प्रत्येकाचा रंग हाताने टाइप केलेला. चार महिने लागले. पान उघडले तेव्हा काळ्या जमिनीवर हिरवा पाला उमटला, आणि मला क्षणभर वाटले की तो हलतो आहे. फाइल घरच्या संगणकातच राहिली. त्या संगणकाला इंटरनेट नव्हते. साइटचे काम ते फाइली पेन ड्राइव्हवर घेऊन कोपऱ्यावरच्या नेट कॅफेतून करत.

याच सुमारास रविवारच्या पुरवणीसाठी मी अण्णांवर एक बिननावी लेख लिहिला. पुस्तके वाचून वेबसाइट करणारा बासष्ट वर्षांचा नक्षीकार. संपादकांना फोटो हवा होता. अण्णांनी तीन रविवार विचार करून होकार दिला; अट एकच, कपाट दिसायला नको. फोटोग्राफर आला. त्याने अण्णांना संगणकापुढे बसवले आणि म्हणाला, "स्क्रीन काळी दिसतीय. कायतरी लावा की मागं."

अण्णांनी माझ्याकडे पाहिले. त्या वेळी पडद्यावर लावण्यासारखे एकच पान त्यांच्याकडे होते, आणि ते लावावे अशी त्यांची इच्छाही होती. तेवढे मला दिसले.

"मागचं दिसंल का?" त्यांनी विचारले.

"नाही अण्णा. मागचं सगळं धूसर येतं," मी म्हणालो.

हे मी फोटोग्राफरला विचारले नव्हते. कॅमेऱ्यात पाहिलेही नव्हते.

पुरवणी छापून आली. कागदावर फोटो दोन स्तंभांचा होता आणि अण्णांमागचा पडदा हिरवट डागासारखा दिसत होता. अण्णांनी भिंग लावून तो तपासला आणि कात्रणाच्या कडेला हिरव्या पेन्सिलीने ‘चाललं’ लिहिले. त्या शेऱ्याचा मला अभिमान वाटला, हे नोंदवले पाहिजे.

चार महिन्यांनी अक्का मैंदर्गीला एका लग्नाला गेल्या आणि आहेरात मिळालेली चादर घेऊन आल्या. मी पोचलो तेव्हा चादर खोलीभर अंथरलेली होती आणि अण्णा तिच्यावर ओणवे होऊन भिंगातून पाहत होते. काळ्या जमिनीवर हिरवा पाला होता. डाव्या अंगाच्या सातव्या पानाच्या देठाशी एक धागा जिथे खाली जायला हवा तिथे वर आला होता. प्रत्येक पाल्यात. चादरीला लेबल नव्हते.

"त्या कारखानदारानंतर ही तिघांनीच पाहिलीय," अण्णा उठत म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "मी, ही, आणि तुमी."

"फोटोग्राफरही होता."

"त्याला तुमी आणलं. तुमी दिली का?"

"नाही."

"तपासलं?"

"न दिलेलं काय तपासायचं, अण्णा?"

"मग तपासून या," ते म्हणाले आणि माझा फोन सुपातून उचलून त्यांनी माझ्या हातात दिला. एरवी तो अक्का देत.

अक्कांनी विडीला दोरा गुंडाळला आणि नखाने तोडला.

मी तीन आठवडे गेलो नाही. मला राग आला होता, आणि तो रास्त आहे असे मी स्वतःला रोज सांगत होतो. हा माणूस सीडीवर संशय घेतो, मेव्हण्यावर घेतो, पुस्तकाच्या लेखकांवर घेतो. माझ्यावर घेतला तर त्यात नवल ते काय? चौथ्या आठवड्यात एक जुनी बातमी शोधताना कार्यालयाच्या साइटवर तो लेख समोर आला. लेखात फोटो लहान होता. त्यावर कळ दाबली की मोठा उघडत होता. लहान फोटोमागे मोठा फोटो कसा जोडायचा, हा दुसऱ्या पुस्तकातला सहावा धडा. अण्णांनी तो माझ्याकडून पाच वेळा करून घेतला होता. तो फोटो त्या रविवारी साइटवर मीच चढवला होता, कॅमेऱ्यातून आला तसा, पूर्ण आकाराचा.

मी कळ दाबली. अण्णांचा चेहरा किंचित अस्पष्ट होता. मागचा पडदा स्वच्छ होता. मी चौकोन मोजले. अठ्ठेचाळीस आडवे, अठ्ठेचाळीस उभे. सातव्या पानाच्या देठाशी राखण्याही दिसत होता.

रविवारी मी गेलो. दारातच अक्कांनी सूप पुढे केले नाही. मी फोन खिशात घेऊनच आत गेलो. तो जड वाटला. "अण्णा, मीच दिली," मी म्हणालो आणि कसे ते सांगितले.

"ठाऊक हाय," अण्णा म्हणाले. "चादर आली त्या दिवशीच, तुमी यायच्या आधी, नेटवर जाऊन बघितलं. फोटोची उलटी बाजू बघितली. चढवणाऱ्याचं नाव तिथं हाय."

"मग मला का विचारलंत?"

"तुमी तपासताव का, ते बघत होतो."

त्यांनी माझ्यापुढे कीबोर्ड सरकवला. त्यांना माफी नको होती. एक नवे पान हवे होते, आणि त्याचा आराखडा ग्राफ कागदावर तयार होता. तीन रकाने. पहिल्यात पुरवणीच्या लेखातला साइटवरचा मोठा फोटो, छापल्याच्या तारखेसह. दुसऱ्यात मैंदर्गीच्या चादरीचा फोटो. दोन्हींत राखण्याभोवती लाल गोल. तिसऱ्या रकान्यात मी लिहायचे होते.

"राखण्या उघडा केलात तर तो संपला, अण्णा."

"तो एकदाच बोलतो. बोलू दे." मग म्हणाले, "तुमच्या पेपरची तारीख चादरीच्या आधीची हाय. ही माझी हाय, हे मला जगाला सांगता आलं न्हाय, ते तुमच्या चुकीनं झालं. पण चूक कुणाची ते लिवल्याशिवाय तारीख खरी वाटत न्हाय. नाव घाला. बिननावाचं कुणी मानत न्हाय."

मी लिहिले: ‘पहिल्या फोटोत मागे पडद्यावर दिसणारी चिंचेच्या पाल्याची नक्षी ग्राफअण्णांची आहे. मागचे काही दिसणार नाही, असे मी त्यांना न तपासता सांगितले. मोठा फोटो दैनिकाच्या साइटवर मीच चढवला.’ खाली माझे पूर्ण नाव आणि दैनिकातले पद. बारा वर्षांच्या नोकरीत उपसंपादकाचे नाव कुठे छापून येत नाही. माझे पहिल्यांदा आले ते इथे. कार्यालयाला न विचारता असे लिहिणे नियमात बसत नव्हते. ते मला माहीत होते आणि अण्णांनाही.

रकान्यांची रुंदी तेहतीस, तेहतीस, तेहतीस दिली. "एक उरू द्या," अण्णा म्हणाले.

निघताना त्यांनी एका चिठ्ठीवर वेबसाइटचा पासवर्ड लिहून दिला. ज्या माणसाने मला कधी कपाटाकडे तोंड करून बसू दिले नव्हते, त्याने मागच्या दाराची किल्ली दिली. मला तो विश्वास वाटला. पुढच्या रविवारी दारात अक्कांनी सूप पुढे केले. "ठेवा," त्या म्हणाल्या. "सुटल्यासारखं झालं बघा. तुमी न्हवता, तर तीन रविवार हे माझ्यावरच संशय घ्यायलते."

त्या पानाने कोणतीही खळबळ झाली नाही. चादर विकणाऱ्याने विकणे थांबवले नाही. अण्णा रोज पान उघडून पाहत आणि वॉचमनची वही वाचत.

आठ महिन्यांनी आमच्या कार्यालयात माणसे कमी करायला सुरुवात झाली. नवे संपादक प्रत्येकाचे नाव इंटरनेटवर शोधून पाहतात, असे शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने सांगितले. एका दुपारी, टेबलावरूनच, मी अण्णांचा पासवर्ड वापरून ती फाइल उघडली. माझ्या नावाची ओळ शोधली. ती निवडली. ती निळी झाली. पुसायला एक कळ पुरे होती. मी काही मिनिटे तसाच बसलो आणि फाइल न बदलता बंद केली. हे मी कोणाला सांगितले नाही. अण्णांनाही नाही. पुढच्या रविवारी त्यांनी नेहमीसारखा माझा कोड तपासला आणि त्यातली चूक दाखवली.

नोकरी गेली नाही. अण्णा मात्र पुढच्या वर्षी गेले. छातीत दुखले म्हणून रुग्णालयात नेले. दोन दिवस होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला सलाईनच्या बाटलीवरचे सगळे वाचून दाखवायला लावले, अगदी खालची बारीक ओळसुद्धा. "तारीख?" त्यांनी विचारले. मी सांगितली. "बरी हाय," ते म्हणाले.

महिन्याभराने अक्कांनी बोलावले. वेबसाइटची मुदत संपत आली असल्याचा संदेश आला होता. चालू ठेवायची का बंद करायची, हे त्या मला विचारत होत्या. त्यांनी सूप पुढे केले, मी फोन त्यात पालथा ठेवला आणि कपाटाकडे पाठ करून बसलो. संगणकाला आता इंटरनेट होते. अक्कांच्या भावाने जोडून दिले होते. मी ते पान उघडले. तीन रकाने जागच्या जागी होते. उजवी कळ दाबून उलट बाजू पाहिली.

माझ्या नावाच्या ओळीनंतर, पानावर दिसणार नाही अशा खुणांमध्ये, एक शब्द होता: ‘चाललं’. पुढे तारीख होती. माझे निवेदन लिहिले त्या दिवसाची ती नव्हती. आठ महिन्यांनंतरची होती. त्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी कार्यालयातून ती फाइल उघडली होती, आणि वॉचमनची वही अण्णा रोज सकाळी वाचत.

"काय करायचं मग?" अक्कांनी दारातून विचारले.

"चालू ठेवायची," मी म्हणालो.